सांदवाडीतलं भांडं

आमच्या घरी डुकराचं मटण खाल्लं जायचं, पण घरात शिजत नसे. त्याची चूल वेगळी होती, सांदवाडीत, शेवग्याच्या झाडाखाली. तीन दगड आणि बाहेरून काळाठिक्कर झालेला एक जर्मनचा गंज. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सांदवाडी म्हणजे घरामागचं परसू आणि गंज म्हणजे पातेलं. तो गंज कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत आला नाही. राखेने घासून झाला की कुंपणाच्या खुंटावर पालथा पडायचा आणि पुढच्या खेपेपर्यंत तिथेच ऊनपाऊस खायचा. एखाद्या पाहुण्याची नजर त्याच्यावर गेली, की कोणी विचारलं नसतानाही आई सांगायची, "ढोरांच्या चुनीचा आहे तो."

त्या गंजात नेमकं काय चालायचं ते मला आता, निवृत्तीनंतर, नीट कळतं आहे. आई सकाळी मटण चढवायची. उकळी फुटली की मोठी लाकडं बाहेर ओढायची, निखारे सारखे करायची, वर झाकण ठेवायची, झाकणावर दोन निखारे, आणि रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, बांधीत निघून जायची. संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन ती परत सांदवाडीत यायची तेव्हाच झाकण निघायचं. मधल्या सहा-सात तासांत त्या भांड्याला कोणी हात लावायचा नाही. आम्हा पोरांना तिथे बसवायचे ते फक्त कुत्री हाकलायला. पळसाच्या पत्रावळीवर बरगडी पडायची, आणि हाड दोन बोटांनी ओढलं की मांस सोडून स्वच्छ बाहेर यायचं.

माझी धाकटी बहीण परिचारिका आहे. कामावरून आल्यावर रात्री काय करायचं, या रोजच्या प्रश्नावर तिने बावीस पाककृतींची ही पुस्तिका लिहिली आणि मला फर्मावलं, "भाऊ, तू मास्तर होतास, प्रस्तावना तू लिही." यातल्या एकवीस पाककृतींना प्रस्तावनेची गरज नाही. वरण, उसळी, कोंबडीचा रस्सा यांची ओळख करून द्यावी लागत नाही. पण बाविसाव्या पानावर तिने 'डुकराच्या बरगड्या, स्लो कुकरमधल्या' असं ठळक अक्षरात छापलं आहे. मी पुढे जे लिहितो आहे ते सगळं त्या एका पानासाठी आहे. बाकीच्या एकवीस पदार्थांनी रागावू नये.

तिचा हा स्लो कुकर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो तिच्या स्वयंपाकघरात नव्हता. मागच्या पडवीत, एका स्टुलावर, खास त्याच्यासाठी बसवून घेतलेल्या प्लगपाशी तो ठेवलेला होता. तिच्या सासूबाई माळकरी. त्यांचा खाण्याला विरोध नाही, पण ओट्यावर नको. मी म्हटलं, "म्हणजे आईचा गंजच परत आला की." ती हसली नाही. "आईच्या गंजाला झाकण होतं, पण आईनं त्याच्याबद्दल खोटं सांगितलं," ती म्हणाली. "मी नाव छापणार आहे."

इंग्रजी पुस्तकांत असल्या पदार्थांना 'वीकनाइट'चं जेवण म्हणतात, म्हणजे सोमवार ते शुक्रवारची कुठलीही रात्र. आपल्याकडे हे इतकं सरळ नाही. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, गुरुवार दत्ताचा नाहीतर गजानन महाराजांचा, शनिवार मारुतीचा. रविवार हा मटणाचा वार खरा, पण त्या दिवशी घरात माणसं असतात आणि वेळही असतो. मग कामाच्या दिवसांतले उरतात बुधवार आणि शुक्रवार. त्यातून श्रावण वजा करा, नवरात्र वजा करा, घरातला एखादा उपास वजा करा. माझ्या बहिणीने पाककृतीखाली कंसात 'बुधवारची' असं लिहिलं आहे ते गमतीने नाही. तिच्या घरात हा पदार्थ होऊ शकतो तो बुधवारीच, आणि बुधवारी ती सकाळी आठला घर सोडते ती साडेसहाला परत येते.

या यंत्राची जन्मकथा मला फार आवडते, कारण तीही वारांपासूनच सुरू होते. शिकागोतल्या अर्विंग नॅक्सन नावाच्या यहुदी संशोधकाने १९३६ साली विजेवर चालणाऱ्या, भोवतीने तापणाऱ्या एका भांड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० साली ते त्याला मिळालं. कल्पना त्याला आईच्या आठवणींतून सुचली. लिथुआनियातल्या विल्ना गावात यहुदी कुटुंबं शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत, विस्तव पेटवत नसत. म्हणून शुक्रवारी दुपारीच घेवडा, जव आणि मांस घातलेलं मडकं गावातल्या पाववाल्याकडे नेऊन द्यायचं. भट्टी विझवली तरी तिच्यातली ऊब रात्रभर टिकते, तिच्यावर ते मडकं शिजत राहायचं. त्या पदार्थाचं नाव चोलेंट. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांनाही हाच वार पाळण्यावरून नाव पडलं. ते शनिवारी घाणा चालवत नसत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे.

१९७० साली रायव्हल नावाच्या कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली तेच यंत्र 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणलं. नोकरीला जाणाऱ्या अमेरिकन बायकांनी ते उचलून धरलं, आणि त्यात सर्वांत लोकप्रिय झालेल्या पदार्थांपैकी एक म्हणजे डुकराच्या बरगड्या. डुकराला शिवायचंही नाही अशा धर्मातल्या एका आजीच्या मडक्यातून हे निघालं! खाण्याच्या बाबतीत इतिहासाला सोवळंओवळं कळत नाही.

आपल्या देशात तर अशी युक्ती नॅक्सनच्या आधी झाली होती. बंगालच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर काढला. तळाशी कोळशाची लहानशी शेगडी, वर डब्यांची चवड, आणि बाहेरून एक नळकांडं. भात, डाळ, मटण वेगवेगळ्या डब्यांत भरून निखाऱ्यांवर ठेवायचं आणि आपल्या कामाला जायचं. वाफ सावकाश आपलं काम करायची. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना आणि प्रवाशांना तो वरदान वाटायचा. पुढे शिट्टीचा कुकर आला आणि इकमिक माळ्यावर गेला.

शिट्टीच्या कुकरचा प्रश्न वाचक विचारणारच, म्हणून इथेच उत्तर देतो. होय, त्यात बरगड्या पाऊण तासाच्या आत शिजतात. आत दाब वाढतो, तापमान एकशे वीस अंशांच्या आसपास जातं, आणि जे काम निखाऱ्यावर सात तासांत होतं ते तिथे चटकन उरकतं. ज्यांच्याकडे संध्याकाळी तो पाऊण तास आहे आणि शिट्ट्या मोजायला माणूस आहे, त्यांनी स्लो कुकर विकत घेऊ नये. हे मी बहिणीला विचारून लिहितो आहे. तिचा मुद्दा वेगळा आहे: साडेसहाला ती दारातून आत येते तेव्हा तिच्याजवळ पाऊण तास नसतो, आणि सकाळी आठच्या आधी तिच्याजवळ वीस मिनिटं असतात. यंत्र वेळ वाचवत नाही, उलट दसपट वेळ खातं. पण तो वेळ तिचा नसतो.

बरगडीच का, पुठ्ठ्याचं मऊ मांस का नाही? मांसाचे तंतू साठ-पासष्ट अंशांना आकसतात आणि आतला रस पिळून बाहेर टाकतात. त्यामुळे बिनचरबीचा, बिनहाडाचा तुकडा आठ तास ठेवला तर लाकडाच्या भुशासारखा होतो, रश्श्यात बुडलेला असला तरी. बरगडीला मात्र पांढऱ्या चिवट पडद्यांचं जाळं असतं. त्यातल्या कोलॅजनला सत्तर अंशांच्या वर भरपूर वेळ मिळाला की त्याचं जिलेटिन होतं, आणि कोरडे पडलेले तंतू त्यात पुन्हा ओले, रेशमी होतात. बोटांना जो चिकटपणा लागतो, ओठ एकमेकांना धरून बसतात, तो मसाल्याचा नाही, त्या जिलेटिनचा आहे. इथे घाई करून उपयोग नाही. खाटकाकडे 'चाप' मागताना पाठीकडच्या बारीक बरगड्यांपेक्षा पोटाकडच्या रुंद आणि चरबीच्या मागा, आणि त्या दोन-दोन हाडांच्या तुकड्यांत तोडून घ्या. आतल्या बाजूला एक पातळ, चकचकीत पापुद्रा असतो. तो शिजून मऊ होत नाही. सुरीच्या टोकाने एका कोपऱ्यात उचलून कोरड्या फडक्यात धरून ओढला की एका दमात निघतो. आई तो पापुद्रा कुत्र्यांना टाकायची, म्हणून तर आम्हाला राखणीला बसवायची.

आता रंगाची गोष्ट. स्लो कुकरबद्दल आपल्या बायकांची जी खरी तक्रार आहे ती चवीची नाही, रंगाची आहे, आणि ती बरोबर आहे. मंद आणि जलद अशा दोन खुणा त्याच्या बटणावर असतात. पण बहुतेक कुकरांत दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालीच पोचतात, फरक फक्त तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळाचा. शंभर अंशांच्या खाली कांदा लाल होत नाही, खोबरं खमंग होत नाही, कच्ची मिरची कच्चीच राहते. खरपूस रंगाला दीडशे अंशांच्या आसपासची कोरडी आच लागते. म्हणून अमेरिकन पाककृती तशीच उतरवली तर आपल्या जिभेला ती आजाऱ्याच्या जेवणासारखी लागते. बहिणीचा तोडगा असा: मंगळवारी रात्री कांदा, सुकं खोबरं, खसखस, धणे लोखंडी कढईत चांगलं काळपट होईस्तोवर भाजून, भिवापुरी मिरची आणि भरपूर लसूण घालून वाटून ठेवायचं. बुधवारी सकाळी तळाला कांद्याच्या जाड चकत्या, त्यावर वाटण चोळलेल्या बरगड्या, आणि पाणी अर्ध्या वाटीपेक्षा जास्त नाही. इथून वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे कढईच्या अंदाजाने पाणी घातलं तर रात्री सूप खावं लागतं. मीठही हात राखूनच.

गोडव्यासाठी विलायती पाककृतीत ब्राऊन शुगर असते. आपल्याला तिची गरज नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. इथल्या कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले आणि त्या पाण्यावर धानाबरोबर ऊस पिकवला. या मातीत उसाचा गूळ काही पाहुणा नाही. किलोभर बरगड्यांना सुपारीएवढे दोन खडे गूळ आणि लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ. आई गूळ घालायची नाही, हे कबूल करतो. हा बहिणीचा शहाणपणा आहे, आणि मला तो आधी पटला नव्हता. पण गूळ शेवटच्या पायरीला कामी येतो. सात-आठ तासांत शिजलेल्या बरगड्या घरी आल्यावर अलगद काढायच्या, कारण त्या आता जोरात धरल्या तर सुटून पडतात. रसावरची चरबी पळीने काढून टाकायची, उरलेला रस मोठ्या आचेवर निम्मा आटवायचा, आणि तो बरगड्यांना फासून कडक तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं. गूळ तिथे करपायला लागतो, कडा काळ्या होतात, आणि जे दिवसभर झाकणाखाली होऊ शकलं नाही ते दहा मिनिटांत होतं. शेगडीत निखारे असतील तर तव्याचीही गरज नाही.

बहिणीने मला बजावलं आहे की दोन सूचना प्रस्तावनेत आल्याच पाहिजेत, कारण पाककृतीखालच्या टिपा कोणी वाचत नाही. पहिली, झाकण उघडून बघायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली ऊब परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. दुसरी सूचना विजेची. पाच ते साठ अंशांच्या मध्ये मांस दोन तासांहून जास्त राहिलं तर त्यात जंतू वाढतात. आमच्या साकोलीत दुपारी वीज किती वेळ गेली हे कामावर बसून कळत नाही. म्हणून तिने कुकरशेजारीच त्याच प्लगवर एक जुनं डिजिटल घड्याळ लावलं आहे. वीज जाऊन परत आली की त्याचे आकडे शून्यावर जाऊन लुकलुकायला लागतात. घरी आल्यावर लुकलुक दिसली तर शेजारणीला विचारायचं, आणि तिलाही नक्की सांगता आलं नाही तर जीव घट्ट करून सगळं टाकून द्यायचं. गोठलेलं मटण तर सरळ भांड्यात घालूच नये, ते गरम व्हायलाच अर्धा दिवस जातो. आणि विषय निघालाच आहे तर, राजमा या यंत्रात कच्चा कधीही घालू नका. आधी दहा मिनिटं खळखळून उकळून घ्या. त्यातलं विष मंद आचेवर मरत नाही.

यंत्र घेण्याबद्दल एक किस्सा. पहिला स्लो कुकर आमच्याकडे न्यू जर्सीहून आला होता, एका भाच्याने कौतुकाने आणलेला. आमच्या मेव्हण्यांनी तो उत्साहाने सरळ भिंतीच्या प्लगला लावला. तिथली वीज एकशे वीस व्होल्टच्या आसपासची, आपली दोनशे तीसची. दाब दुप्पट झाला की ताप चौपट होतो. बरगड्या मंद आचेवर शिजण्याऐवजी धूर निघाला, फ्यूज उडाला, आणि चिनी मातीच्या भांड्याला मधोमध तडा गेला. ते भांडं आता तुळशीशेजारी आहे, त्यात कोरफड लावली आहे. भारतात मिळणारा साधा कुकर घ्या. दोनशे वॅटचा असेल तर आठ तासांत फार तर दीड-पावणेदोन युनिट जातात.

आता ज्या गोष्टीसाठी ही प्रस्तावना लांबली तिच्याकडे येतो. डुकराबद्दल पहिली शंका घेतली जाते ती घाणीची आणि किड्यांची. शंका अगदीच खोटी नाही. उकिरड्यावर चरणाऱ्या जनावराच्या मांसात फीतकृमीच्या गाठी असू शकतात, आणि ते अर्धकच्चं खाल्लं तर पोटात कृमी होतो. पण मेंदूत गाठी होऊन झटके येण्याचा जो भयंकर आजार आहे तो मांसातून होत नाही. तो होतो त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांवरून, भाजीवरून, पाण्यातून. जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही तो होतो. आमच्या नर्सबाईंना, म्हणजे बहिणीला, हे सांगताना मी पाहिलं आहे. समोरचा माणूस मान डोलावतो आणि तरी डुकरालाच दोष देतो. गोठ्यात बांधून, खुराक देऊन वाढवलेल्या पांढऱ्या यॉर्कशायरचं मटण घ्यावं, पूर्ण शिजवावं. आठ तास उकळीजवळ राहिलेल्या बरगडीत कच्चं काही उरत नाही.

पण खरी अडचण किड्यांची नसते. गोव्याला जाऊन आलेले आमचे कितीतरी ओळखीचे लोक सारपातेल आणि विंदालूची वर्णनं रंगवून सांगतात. वसईच्या ख्रिस्ती घरातलं जेवण जेवल्याचं अभिमानाने सांगतात. तेच मांस साकोलीत खाल्लं तर आवाज खाली येतो. तिथे ते पर्यटन असतं, इथे जात असते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ लिहिला. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्यात गोंडांच्या नारायणदेवाला दिल्या जाणाऱ्या डुकराच्या बळीचं सविस्तर वर्णन आहे. म्हणजे जे आमच्या आईला पाहुण्यापासून लपवावंसं वाटलं, ते कुणाच्या तरी घरी देवाचा नैवेद्य होता.

लिहिण्याच्या बाबतीत मराठीत हे फार उशिरा आलं. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर काम प्रसिद्ध केलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांत काय शिजायचं, कसं शिजायचं, हे त्यात लाज न बाळगता लिहिलं आहे, आणि २०२४ साली ते इंग्रजीतही गेलं. ते पुस्तक मी एका बैठकीत वाचलं आणि नंतर बराच वेळ आमच्या कुंपणाच्या खुंटावरचा गंज डोळ्यांपुढे राहिला. आमच्या भागाचं असं पुस्तक अजून माझ्या हाती आलेलं नाही. ही पुस्तिका ते नाही, तसा तिचा दावाही नाही. हिच्यात बावीसपैकी एकच पान त्या बाजूचं आहे. बाकी सगळं नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईच्या सोयीचं आहे.

या बरगड्यांबरोबर भाकरी चालते, पण भातच हवा असं माझं मत. आटवलेल्या रसातला थोडा बाजूला काढून ठेवा आणि गरम भातावर घ्या, वर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि कच्चा कांदा. परवाच्या बुधवारी मी तिच्याकडे जेवायला होतो. पाऊस लागला होता, तव्यावरचा धूर पडवीतून थेट माजघरात शिरला. सासूबाई आपलं ताट घेऊन देवघराच्या बाजूला बसल्या होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "झालं का गं तुझं? मग ते भांडं आतच घासून टाक, बाहेर पाऊस आहे."

साकोली
रोवणीचे दिवस